उरलेली तीन गाणी

मेलेल्या माणसांनी लावलेली गाणी ऐकायची असतील तर आमच्या घरी या. चहा मिळेल, बसायला स्टूल मिळेल आणि गाणी फुकट. ती तुमच्या आवडीची निघतील याची मात्र हमी नाही. ज्याची आवड होती तो केव्हाच गेलेला असतो.

आमचे हे जुने ज्यूकबॉक्स दुरुस्त करतात. पूर्वी कॅन्टीनमधून, क्लबांमधून असायचे ते. नाणं टाकून बटण दाबलं की पोटातल्या शंभर तबकड्यांमधून नेमकी आपली उचलून वाजवणारे. आता ते हौशी लोकांकडे उरलेत आणि बिघडले की यांच्याकडे येतात, कारण दुसरीकडे जाणार कुठे? घराच्या खालच्या खोलीत यांचा कारखाना. रॉकेलचा वास, बरण्यांतून स्क्रू, भिंतीला टांगलेले रबरी पट्टे आणि बिस्किटांच्या डब्यात सुया. पाहुण्यांसमोर तो डबा मी दोनदा मोठ्या थाटात उघडला आहे.

माणूस अबोल. ताकास तूर लागू देणार नाही. 'जेवायला चला' म्हटलं की 'हं', आणि तासाभराने वर येऊन विचारणार, 'मला हाक मारलीस का?' मशीनशी मात्र गोड. झाकण उघडलं की पहिला प्रश्न, 'काय झालं रे बाबा तुला?' एवढ्या वर्षांच्या संसारात मला कधी कुणी असं विचारलेलं नाही.

यांचं एक वेड आहे, ते आधी सांगते. या मशीनच्या आत एक चक्र असतं आणि त्याच्या कडेने बारीक लोखंडी काड्या, प्रत्येक गाण्याची एक. बटण दाबलं की त्या गाण्याची काडी बाहेर येऊन उभी राहते. गाणं सुरू झालं की ती आत जाते. म्हणजे काडी उभी दिसली तर समजायचं, हे गाणं कुणीतरी मागितलंय आणि ते अजून वाजायचंय. मध्येच वीज गेली, मशीन बंद पडलं, मालकाचा धंदा बुडाला, तरी काडी उभीच. वीस वर्षं उभी, चाळीस वर्षं उभी. पुन्हा वीज मिळाली की मशीन पहिलं काम ते करतं.

दुसरा मेकॅनिक असता तर त्याने बोटाने काड्या आत ढकलल्या असत्या आणि कामाला लागला असता. यांचा नियम वेगळा. काड्यांना हात लावायचा नाही, कुठल्या नंबरच्या आहेत ते वाचायचंही नाही. फक्त मोजायच्या. मशीन बरं झालं की खालून हाक येणार, 'चार आहेत, ये.' मग आम्ही दोघं स्टुलावर बसून कुणाची तरी उरलेली गाणी ऐकणार. 'ज्याने लावली त्याला ऐकायला मिळाली नाहीत, निदान वाजू तरी देत,' असं यांचं म्हणणं. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकायला बसले तेव्हा माझ्या हातातली कपबशी खडखडायला लागली होती. यांना वाटलं, बायको भित्री आहे. वाटू दे म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कारण अशाच उभ्या राहिलेल्या तीन काड्या मला ठाऊक होत्या, आणि त्या कुणी उभ्या केल्या तेही.

माझ्या बाबांचं मालधक्क्याजवळ कॅन्टीन होतं. गल्ल्यावर मी बसायची, वय एकोणीस. तिथल्या ज्यूकबॉक्सची देखभाल करायला महिन्यातून एकदा हे यायचे. तेव्हा चोवीसचे, नाकासमोर चालणारे. यांचा धाकटा भाऊ ट्रकवर माल चढवण्याच्या कामाला होता. तो यांच्या अगदी उलट, बोलका आणि एक नंबरचा उपद्व्यापी. माझा दीर झाला असता तो, पण भावजी म्हणायची वेळच आली नाही.

त्याने एकदा यांचा रेडिओ शिकायचा म्हणून उघडला आणि जाळून ठेवला. यांनी चारचौघांत त्याच्या कानाखाली वाजवली, वर 'पुन्हा तोंड दाखवू नकोस' म्हणाले. आठ दिवस अबोला. मग धाकट्याने निरोप धाडला, 'चार वाजता कॅन्टीनला ये. तू आलास की तुझी गाणी लावतो. मिटवून टाकू.' हे गेले नाहीत. अंतर दोन गल्ल्यांचं, पण रुसवा मोठा. त्याच संध्याकाळी सव्वापाचचा ट्रक खाणीच्या उतारावर उलटला आणि धाकटा त्यात होता. रोजचा त्याचा ट्रक साडेचारचा.

आठवड्याने हे कॅन्टीनमध्ये आले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. सरळ माझ्यापुढे उभे राहिले. 'तो आला होता का त्या दिवशी?' बाबा आत भट्टीपाशी होते, उत्तर मलाच द्यायचं होतं. त्या चेहऱ्याकडे बघून 'हो' म्हणायला कुणाची जीभ उचलली असती ते मला येऊन सांगा! मी म्हटलं, 'नाही. आलाच नाही.' यांनी गल्ल्याच्या फळीला हात टेकला आणि कितीतरी वेळाने श्वास सोडला. 'म्हणजे तोही नाही आला,' म्हणाले. 'झोपला असेल लेकाचा. म्हणून ट्रक चुकला.' बाबांना मी नंतर सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली, आणि तो विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही.

तेव्हापासून हे दर आठवड्याला कॅन्टीनला यायला लागले, आणि दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. माझा संसार त्या एका 'नाही'वर उभा आहे. घरी कुणीही आलं की हा एरवीचा अबोल माणूस धाकट्याच्या झोपेचे किस्से सांगतो. शाळेत बाकाखाली कसा झोपला, रेल्वेत झोपून चार स्टेशनं पुढे कसा गेला. 'आणि शेवटी झोपेनेच घात केला,' म्हणून थांबतात. लोक हळहळतात, मी चहा आणायला उठते. झोपला नव्हता हो तो! चार वाजायला पाच मिनिटं असताना केस विंचरून आला होता आणि दारासमोरच्या खुर्चीवर बसला होता. ती खुर्ची माझ्या डोळ्यांपुढून आजतागायत हललेली नाही. स्वयंपाक करताना पाठीमागे कुणीतरी बसलंय असं वाटतं आणि मी वळून बघत नाही, कारण कोण ते मला माहीत आहे.

त्या संध्याकाळी पाचच्या पुढे वीज गेली होती, ती दोन दिवसांनी आली तेव्हा बाबांच्या मशीनने नुसता धूर सोडला. दुरुस्त कोण करणार? हे त्याला हात लावायला तयार नव्हते. बाबांनी ते कोपऱ्यात ढकललं आणि पुढे भंगारवाल्याला दिलं. सुटले बाई, असं मी तेव्हा म्हटलं होतं.

आणि आता एवढ्या वर्षांनी एक टोपीवाले गृहस्थ दारात हजर. नवीन कॉफीचं दुकान काढतायत, जुन्या वस्तूंनी सजवायचंय म्हणे. टेम्पोतून ज्यूकबॉक्स उतरवला, ताडपत्री ओढली. काचेमागच्या गाण्यांच्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरात होत्या. यांनीही ओळखलं. किती वेळ ते मशीनच्या कडेवर हात ठेवून उभे होते. 'हे आपल्याकडेच यायचं होतं बघ,' एवढंच म्हणाले. दुपारी मागचं झाकण काढलं आणि खालून हाक आली, 'तीन आहेत गं!'

दीड महिना काम चाललं. दगड झालेलं ग्रीस यांनी चमच्याच्या दांड्याने खरवडलं. स्पीकरमध्ये उंदरांनी घर केलं होतं, ते काढलं. जळलेली वायर न् वायर बदलली. आणि काम करताना हा माणूस चक्क गुणगुणत होता! माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं होतं. त्या तीन गाण्यांतलं एक नुसत्या माउथऑर्गनचं होतं, आणि अख्ख्या कॅन्टीनमध्ये ते यांच्याइतकं कुणाला आवडायचं नाही. पहिल्या सुराला यांना कळणार, अशी माझी खात्री होती. सांगून टाकावं, असं रोज सकाळी ठरवायची आणि दिवसभर तोंड शिवून बसायची. पासष्टीचा माणूस, मागच्या वर्षी छातीत दुखलं म्हणून चार दिवस दवाखान्यात काढलेले. भाऊ तुमची वाट बघत थांबला, त्यात त्याचा ट्रक चुकला, म्हणून तो गेला, हे आता कळून करायचं काय?

शेवटचा सुटा भाग, एक काचेचा व्हॉल्व्ह, आणायला हे बाजारात गेले आणि मी खाली उतरले. भर दुपार होती, खिडकीतलं ऊन थेट मशीनच्या पोटात पडलेलं. तिन्ही काड्या उभ्या. मी हात पुढे केला आणि कुणीतरी बघतंय असं इतकं वाटलं, की मी मोठ्याने बोलले, 'माफ कर रे बाबा. यांच्यासाठीच करतेय.' नखाने ढकलल्या. टक, टक, टक. मग वर जाऊन किती तरी वेळ साबणाने हात धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली, 'ये, लावतोय.' यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. प्लग लावला. आधी पिवळे दिवे लागले, मग लाल, काचेमागे माझं अक्षर उजळलं. मोटर घुमायला लागली. आणि बस. एकही तबकडी हलली नाही. हे वाट बघत राहिले. मीही तोंडावर आश्चर्य आणून वाट बघत राहिले. शेवटी त्यांनी टॉर्च घेतली, झाकण काढलं, वाकून आत बघितलं आणि वाकलेलेच राहिले.

'जुन्या स्प्रिंगा,' मी म्हटलं. 'पडल्या असतील आपोआप.'

'टेम्पोत नाही पडल्या,' ते म्हणाले. 'इतकी वर्षं भंगारात नाही पडल्या.'

मग ते सरळ झाले, टॉर्च बंद केली आणि माझ्याकडे बघितलं. बिघाड कुठे आहे ते शोधताना मशीनकडे बघतात तसं.

'वाजली असती ना,' ते हळू बोलले, 'तर मी म्हटलं असतं, धक्क्यावरच्या कुणीतरी लावली असतील. कुठलीही वाजली असती तरी तसंच म्हणणार होतो. ठरवूनच बसलो होतो.'

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चाळीस वर्षं जिभेने जे लपवलं ते माझ्या एका नखाने सांगून टाकलं. यांनी स्टूल ओढलं आणि बसले. आता विचारतील, खोटं का बोललीस, म्हणून मी भिंतीला टेकून उभी होते.

'किती वेळ थांबला होता?' त्यांनी विचारलं.

'पाच वाजून गेले होते.'

'काही खाल्लं?'

'दोन चहा घेतले. तिसरा मी दिला.'

'रागात होता?'

'नाही हो. दार वाजलं की दर वेळी उठून उभा राहायचा.'

मग मेकॅनिकच तो, त्याला मेकॅनिकचा प्रश्न पडला. 'मी आल्यावर लावणार होता ना गाणी? मी तर आलोच नाही. मग का लावली?'

हे मला सांगायचं नव्हतं. हे मी स्वतःशीसुद्धा बोलत नाही. पण आता आणखी खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. 'कोपऱ्यावरून निळ्या शर्टातलं कुणीतरी येत होतं,' मी म्हटलं. 'चाल तुमच्यासारखीच. त्याला वाटलं, तुम्ही आलात. पळत जाऊन त्याने तिन्ही गाणी लावली, म्हणजे तुम्ही दारात पाऊल टाकाल तेव्हा वाजत असतील. तेवढ्यात वीज गेली. आणि तो माणूस सरळ पुढे निघून गेला.'

यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मी पाठीवर हात ठेवला. तो त्यांनी झटकला नाही, धरलाही नाही. खूप वेळाने मी विचारलं, 'ते नंबर मला पाठ आहेत. पुन्हा लावू का?'

'नको,' ते म्हणाले. 'ती त्याने लावलेली नसतील.'

मशीन टोपीवाल्यांकडे गेलं. झोपेचे किस्से बंद झाले. त्याऐवजी रोज एखादा प्रश्न येतो, जेवताना, नाहीतर मी कपडे वाळत घालताना. भांग कुठल्या बाजूला पाडला होता? जाताना काय म्हणाला? मागे वळून बघितलं का? मी जसं झालं तसं सांगते, एक अक्षर इकडचं तिकडे करत नाही. धाकटा आता आमच्या घरात उघड उघड बसलेला असतो, आणि मीही वळून बघते.

एकच गोष्ट ते विचारत नाहीत, मी खोटं का बोलले. एकदा मीच म्हटलं, 'अहो, मला विचारा ना.' 'काय?' म्हणाले, आणि पुन्हा हातातल्या कामाला लागले. उत्तर माझ्याकडे तयार आहे. ते विचारत नाहीत.