सिग्नलच्या खांबाचं माप

सोल्डरच्या राळेचा धूर नाकात गेला आणि पनवेल यार्डातली ती जुनी दुपार आठवली. तार ओढली की ज्यांचा हात खाली पडतो, ते सिग्नल काढून टाकणार असं कळलं, तेव्हा मी आणि रशीदभाई धावत गेलो होतो. जुनं पनवेल स्टेशन टेबलावर छोटं करून मांडायचं, हा आम्हा दोघांचा नाद. पण माप घ्यायला खांबावर चढू कोण देणार?

कुवेतहून सुट्टीवर आलेले रशीदभाई इस्त्रीच्या शर्टात, तापलेल्या खडीत, खांबाला पाठ लावून ताठ उभे राहिले.

"काढा फोटो. माझी हाइट पाच फूट सहा. त्याच्यावरून खांबाचा हिसाब लावा. आणि हसवू नका, माप चुकेल."

त्या फोटोवरून खांब झाला, मग केबिन, मग फलाट. माझं सगळं पनवेल त्यांच्याच उंचीने मोजलेलं आहे. आता सिग्नलची तार तेवढी जोडायची राहिली, पण पडलेला हात दाखवू कुणाला?

परवा कब्रस्तानात कबर खोदणाऱ्याने विचारलं, "मय्यतची लांबी किती?"

रशीदभाईंचे मुलगे एकमेकांकडे बघत राहिले. मी चटकन म्हणालो, "पाच फूट सहा."