मंडईला गेलेली मधली

परवा पहाटे मागच्या दाराची कडी काढली आणि दवात भिजलेल्या धानाचा वास एकदम अंगावर आला. समोर शेताच्या बांधीत कडपा पसरल्या होत्या. कापलेलं धान आमच्याकडे असंच काही दिवस शेतात वाळत पडून असतं. कोणाला हा वास भरल्या घराचा वाटत असेल. मला तो आला की आधी पोरी कुठे आहेत ते पाहावंसं वाटतं. पोरी केव्हाच आपापल्या संसाराला लागल्या, तरी नजर ओसरीवर फिरून येतेच. माझ्या संशयी स्वभावाची घरात पुष्कळ थट्टा होते. होऊ दे. तो मला अशाच एका दिवाळीनंतरच्या दिवसांनी दिला, आणि त्याने माझं वाईट काही केलेलं नाही.

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावच्या मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा दुकानं, पाळणे, जिलेबीचे ढीग, रात्री दंडारीचं नाचगाणं, आणि ज्या गावची मंडई त्या गावात घरोघरी पाहुणे. नेमकं तेव्हाच हलकं धान पिवळं होऊन कापणीला येतं. देवाने ही दोन्ही एकाच पंधरवड्यात का घातली, हे त्यालाच ठाऊक. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती, आमचा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता, आणि माझ्या पदरात तीन पोरी होत्या. धाकटी अंगावर पिणारी. तिला बांधावरच्या झोळीत टाकायचं, कापणाऱ्या बायांच्या बरोबरीने विळा चालवायचा, झोळीतून आवाज आला की विळा टाकून धावायचं, आणि दिवस कलला की पुन्हा चूल आहेच. यजमान मंडईचे भारी शौकीन. ते रेंगीला बैल जुंपायचे आणि दोघी थोरल्या पोरींना घेऊन निघायचे. मला बरंच वाटे. तेवढीच घरातली किरकिर कमी.

पण मंडई कुठल्याही गावची असो, रेंगीचा मुक्काम केशोरीला, माझ्या नणंदेच्या घरी. नणंदेचं दुकान चांगलं चालायचं, घर भरलेलं होतं, फक्त पाळणा हलला नव्हता. पहिल्या खेपेला मधली परत आली ती वेण्या वर दुमडून, त्यांना लाल फिती बांधून. आत्याने घातल्या म्हणाली. ठीक आहे, आत्याच ती. दुसऱ्या खेपेला यजमानांनी मोठीला नेलंच नाही. तिला खोकला आहे म्हणे. मला तर तो ऐकू आला नव्हता. त्या खेपेहून आल्यावर मधली जेवायला बसली आणि सहज बोलून गेली, तिकडे तिची वेगळी ताटली आहे. चार दिवसांच्या पाहुण्या पोरीसाठी वेगळी ताटली कोण ठेवतं हो? तीन पोरींतली एक नणंदेला दत्तक दिली तर काय बिघडलं, असं म्हणणारी माणसं तेव्हा गावात पैशाला पासरी होती. आमच्या घरात असं म्हणणारं तोंड एकच असणार, सासूबाईंचं, अशी माझी खात्री झाली. यजमान बापडे भोळे, सगळी कळ म्हातारीची. ती मधलीला मांडीवर घेऊन बसली तरी मी काही ना काही निमित्त काढून तिथेच घुटमळायची.

केशोरीची मंडई होती त्याच्या आदल्या दिवशीच यजमान मधलीला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर आभाळ भरून आलेलं. कडपा उघड्यावर, भारे बांधून त्यांचं गंजीसारखं पुंजणं रचायचं बाकी. मी पदर खोचून निघाले, तर सासूबाई दारात आडव्या.

"भारे मी बांधून घेईन. तू मंडईले जाय."

"काऊन?"

"जाय म्हटलं ना. शेजारची खासर जाऊन राहिली, बसून जाय."

जिने मला माहेरच्या मंडईलाही कधी सुखाने धाडलं नाही, ती ऐन कापणीत घराबाहेर काढते आहे, म्हणजे पाणी नक्कीच कुठेतरी मुरत होतं. तिच्या भरवशावर एकही पोर ठेवायची नाही, असं ठरवून मी मोठीचा हात धरला, धाकटीला कडेवर घेतलं आणि शेजाऱ्यांच्या बैलगाडीत, त्या खासरीत, बसले.

नणंदेच्या ओसरीवर पाट मांडला होता. पाटावर माझी मधली, अंगात नवं परकर-पोलकं. समोर गावातली चार जुनी माणसं आणि गूळखोबऱ्याचं ताट. नणंद तिच्यासमोर बसून तिला 'आई' म्हणायला सांगत होती, आणि पोर लाजून हसत होती. शेजारी यजमान. मला पाहताच त्यांनी मान खाली घातली.

"वैनी, दादानं तुले सांगतलं नाही?" नणंदेने विचारलं. ती खरोखर चकित झाली होती.

तिच्यावर मला रागावता आलं नाही. राग आला तो यजमानांचा. "माह्या पोरीचा शब्द तुम्ही कोणाले विचारून देला?" चार माणसांदेखत मी विचारलं. मी मधलीला पाटावरून उचललं. नणंद आत जाऊन रडू लागली. तिच्या त्या रडण्याचं मला आजही वाईट वाटतं. पोर उचलली, त्याचं एक क्षणही नाही.

घरी पोचले तोवर पुंजणं रचून झालं होतं. सासूबाई अंगणात पाय धूत होत्या. मधलीला पाहिलं आणि त्या तांब्या घेऊन तशाच ओट्यावर बसल्या. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पोर परत आणायलाच यांनी मला धाडलं होतं. तुम्हाला हे ठाऊक होतं का, मी विचारलं. त्यांनी पायावर आणखी पाणी घेतलं.

"माही एक पोर अशीच मंडईले गेली होती," त्या म्हणाल्या. "मी धान कापून राहिली होती."

यजमानांना आणखी एक बहीण होती, हे मला त्या घरात कोणी कधी सांगितलं नव्हतं. ती कोणाला देऊन टाकली, कुठल्या गावी गेली, जगली की नाही, काही नाही. यजमानांशी पुढे संसार नीटच झाला, पण त्यांनी रेंगी जुंपली की आधी मी तिच्यात जाऊन बसायची. सासूबाईंना त्या पोरीचं नाव विचारावं, असं अनेकदा मनात आलं, आणि दरवेळी त्यांच्या तोंडाकडे पाहून मी गप्प बसले. आता त्या नाहीत, यजमान नाहीत, नणंदही नाही. ते नाव ठाऊक असलेलं माणूस आता कोणीच उरलेलं नाही.