एक पंगत राहू द्या

आमच्या केजच्या मंगल कार्यालयात बापूराव व्यवस्थापक होते, तोवर तिथे कुणी काहीही सुचवलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "करू की. जुनं बी राहू द्या." डीजे आणायचा? करू की, पण दारात सनईवाला राहू द्या. पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या? ठिवू की, पण कोपऱ्यातला रांजण राहू द्या. हे बोलताना त्यांचा हात पांढऱ्या मिशीवरून फिरत असे आणि समोरच्याला वाटे, आपलं सगळं मान्य झालं. निम्मंच झालंय, हे त्याला घरी पोहोचल्यावर कळे.

बापू अबोल किंवा साधे मुळीच नव्हते. तालुक्यातली प्रत्येक सुधारणा आपल्यापासून सुरू झाली असं त्यांचं मत होतं, आणि त्यात बसस्थानकाचा नवा फलाटही आला. नव्या वस्तूंचा त्यांना भारी शौक. नवरीच्या प्रवेशाला धूर सोडणारं यंत्र आमच्याकडे प्रथम त्यांनीच आणलं. पहिल्याच लग्नात ते अंतरपाटाच्या इतकं जवळ ठेवलं की नवरदेवाने धुरात फोटोवाल्याच्या गळ्यात हार घातला. बापूंनी शांतपणे तो हार काढला, झटकला आणि नवरदेवाच्या हातात परत दिला. "सराव झाला," म्हणाले, "आता खरा घाला."

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या फजितीच्या दिवशी. मी कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात हिशेब विभागाचा प्रमुख आहे. मालकांनी मला संभाजीनगरला 'बदल व्यवस्थापन' या विषयाच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथलं प्रमाणपत्र मी खुर्चीच्या मागे अशा उंचीवर लावलं होतं, की समोर बसणाऱ्याला माझ्या टकलाच्या वर थेट तेच दिसावं. परत आल्या आल्या मी वजनकाट्यावरची वही बंद केली आणि कपाटात कुलपात ठेवली. सोमवारपासून सगळं संगणकावर. सोमवारी दुपारी संगणक अडला. कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर पडून रस्त्याला लागली, आणि कपाटाची किल्ली माझ्या दुसऱ्या पँटच्या खिशात, घरी होती.

रांगेतल्या एका ट्रॉलीवर, कापसाच्या ढिगावर एक म्हातारा आरामात आडवा झाला होता. ते बापू, आपल्या शेतातला कापूस घेऊन आलेले. त्यांनी वरूनच विचारलं, "भाऊसाहेब, नव्या विहिरीला पानी लागंस्तवर जुनी कावून बुजवली?" मी त्यांना समजावून सांगितलं की जुनी पद्धत हाताशी राहिली तर माणसं नवी शिकतच नाहीत, असं प्रशिक्षणात शिकवलं आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. किल्ली कवा येतीय?"

पुढे येणं-जाणं वाढलं. ते आमच्याच गल्लीच्या टोकाला राहत. एकदा मी त्यांना विचारलं, आपल्या भागात लोक पंगत सोडून बुफेला इतक्या मुकाट्याने कसे आले? मला वाटलं होतं की आले, इतकंच. बापूंनी मिशीला हात लावला, म्हणजे श्रेय त्यांचं होतं. पहिल्या वर्षी त्यांनी पंगत तशीच ठेवली आणि बाजूला दोन टेबलं लावली. कुणी विचारलं की सांगायचे, फोटोवाल्यांसाठी आणि ड्रायव्हर लोकांसाठी हाय, त्यांना घाई असती. तरुण मंडळी आपोआप तिकडे सरकली, कारण तिथे उभं राहून गप्पा मारता येत. पुढच्या वर्षी टेबलं वाढली आणि जमिनीवर अंथरायची एक पट्टी कमी झाली. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. "लोकांला सांगत बसू नगा," बापू म्हणाले. "सांगितलं की मानूस पाय रोवतो. सतरंजी आखडा."

तरी प्रत्येक लग्नात एक पंगत ते ठेवतच. मी म्हटलं, दहा-पंधरा माणसांसाठी एवढा खटाटोप परवडत नाही, तीही उठवून टाका. तर म्हणाले, "ती भुकंसाठी न्हाई भाऊसाहेब. रुसव्यासाठी हाय."

मी हसलो. मग माझ्या मुलीचं, शीतलचं लग्न ठरलं.

लग्नात किती अन्न वाया जातं हे मी अनेक वर्षं पाहत आलो होतो आणि त्याचा मला मनापासून त्रास होई. कुणी मोजत नाही, म्हणून वाया जातं, असा माझा सिद्धांत. तेव्हा मी योजना आखली. प्रत्येक घराला मोबाइलवर एक क्यूआर कोड पाठवायचा, त्यात जेवणाऱ्यांची संख्या. बुफेच्या तोंडाशी आमच्या जिनिंगचा संगणकचालक कोड वाचायचं यंत्र घेऊन बसेल, कोड तपासेल, मग ताट. पंगत या आराखड्यात बसत नव्हती, म्हणून काढून टाकली. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, सुरुवातीला विरोध होतोच, प्रशिक्षणात सांगितलंय. ती म्हणाली, प्रशिक्षणात मुलीचं लग्न होतं का?

बापूंना मी रंगीत तक्ता नेऊन दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून बराच वेळ पाहिला. रंग चांगले हायत म्हणाले. मग नेहमीचं आलं, "करू की. एक पंगत राहू द्या." मी ठाम नकार दिला. नवं आणि जुनं एकत्र ठेवलं की आकडे बिघडतात. बापूंनी मान डोलावली आणि तक्ता घडी करून टोपीत ठेवला.

लग्नाच्या दिवशी मुलाकडची मंडळी वडवणीहून वेळेत आली. मुहूर्ताला अवकाश होता, म्हणून आधी जेवून घ्या असं ठरलं. सगळ्यांत पुढे नवरदेवाचे मामा. फेटा बांधलेले, बटणांचा फोन खिशात, आणि मंगलाष्टकांना भाच्याच्या मागे उभं राहण्याचा मान त्यांचा. त्यांनी ताट उचललं. आमचा संगणकचालक फार प्रामाणिक माणूस. मी त्याला सांगून ठेवलं होतं की कोड नसेल तर मलासुद्धा ताट द्यायचं नाही. तो अदबीने म्हणाला, "काका, कोड दाखवा."

"कसला?"

"जेवणाचा."

मामांनी ताट जागेवर ठेवलं. न जेवताच उपरण्याला हात पुसले आणि बाहेर उन्हात उभ्या असलेल्या जीपमध्ये जाऊन बसले. त्यांच्यामागे त्यांचे दोघे भाऊ गेले. मग बायका उठल्या. थोड्या वेळाने व्याही माझ्यापाशी आले. भला माणूस, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "मामाबिगर मी पोराला बोहल्यावर हुबा करनार न्हाई. आता तुमी बघा आन् तुमचं मशीन बघा."

नवरीच्या खोलीतून शीतलने मला बोलावलं. ती शालू नेसून, मुंडावळ्या बांधून बसली होती. तिने विचारलं, "मामा जेवले का?" मी सांगू लागलो की व्याह्यांच्या फोनवर सगळ्या कुटुंबाचा कोड आधीच पाठवला होता, चूक आपल्याकडून नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, मी ते नाही विचारलं. जेवले का?"

मी जीपपाशी गेलो. मामांनाही व्याह्यांच्या फोनवरच्या कोडचं समजावून सांगितलं. अन्नाच्या नासाडीचंही सांगितलं. मामांनी काच वर केली.

बंद काचेसमोर मी उभा होतो, आत तिघे जण समोर पाहत होते, आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मुहूर्त टळला तर या पोरीच्या संसाराची सुरुवातच माझ्या तक्त्याने होणार होती. पुढे सासरी कधीही कुणाचं बिनसलं की हीच गोष्ट निघणार. ती रडत असेल का, याचा अंदाज मला बांधता येत नव्हता.

तेवढ्यात मागून बापू आले. माझ्याकडे न बघता त्यांनी काचेवर टकटक केली. काच चार बोटं खाली आली.

"पाव्हणं, पंगत खोळंबलीय तुमच्यावाचून."

"कसली पंगत?" मामा म्हणाले. "हितं तर तिकीट हाय."

"तिकीट पोरांला, उभ्यानं खानाऱ्यांला. पंगतीला नवरीचा बाप वाढतो." असं म्हणून त्यांनी आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढला आणि माझ्या खांद्यावर टाकला.

कार्यालयात पंगत आहे हे मला माहीत नव्हतं. मागच्या खोलीत पट्टी अंथरली होती, पत्रावळी मांडल्या होत्या, मीठसुद्धा वाढून झालं होतं. माझ्या हातात बुंदीचं भांडं आलं. आयुष्यात मी कधी वाढलं नव्हतं. सवयीने मी प्रत्येक पत्रावळीवर सारखी, बेताची मूठ ठेवत पुढे सरकलो. मामांपाशी आलो तेव्हा त्यांनी पत्रावळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हात कावून आखडता? कुपन संपलं काय?"

अख्खी पंगत हसली. मीही हसलो, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. मामांनी बुंदी तीनदा मागितली, वरण दोनदा, आणि प्रत्येक वेळी मला वाकायला लावलं. शेवटी पाणी पिऊन ते स्वतःहून उठले आणि माझ्या खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसत म्हणाले, "चला, पोरगं हुबं आसंल." लग्न वेळेवर लागलं. मामा भाच्याच्या मागे उभे राहिले, आणि अक्षता टाकताना त्यांनी त्यातल्या निम्म्या माझ्याच दिशेने टाकल्या असा मला संशय आहे.

संध्याकाळी, मुलगी गेल्यावर, मी बापूंना विचारलं की तुम्ही माझ्या तक्त्याला मान डोलावली होती, मग पंगत मांडलीच कशी? त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "मी न्हाई म्हनलो आस्तो तर तुमी कार्यालय बदललं आस्तं. मग मामाला जीपमधून कुनी काढलं आस्तं?"

"म्हणजे मशीन उगाच लावू दिलंत?"

"उगाच कावून? तुमचा बी मान हाय की."

मुलाकडच्या मामांना आणि मला त्या दिवशी एकाच मापाने वागवलं गेलं होतं. फरक एवढाच की मामांना ते माहीत होतं. बापूंनी मग माझी समजूत म्हणून नव्हे, तर मनापासून सांगितलं की यंत्र वाईट नाही, तरुण पोरांनी हौसेने कोड दाखवले आणि अन्नही खरोखर कमी उरलं. पुढच्या लग्नापासून त्यांनी ते माझ्याकडून मागून घेतलं आणि बुफेच्या तोंडावरून हलवून आत भिंतीपाशी ठेवलं. ज्याला दाखवायचा त्याने कोड दाखवावा, बाकीच्यांनी नमस्कार करून पुढे जावं. अजून तसंच चालू आहे.

मी जिनिंगमध्ये गेलो आणि वजनाची वही कपाटातून काढून संगणकाच्या शेजारी ठेवली. काट्यावरचा माणूस काही दिवस दोन्हीकडे लिहीत होता, मग एकीकडेच लिहू लागला. कुठल्या दिवसापासून, हे मी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात बापू गेले. तेराव्याच्या आधी मी त्यांच्या मुलाला, गणेशला भेटलो. या घरावर खर्चाचा ताण पडू नये म्हणून मी जेवणाऱ्यांचा अंदाज काढून नेला होता. भावकी इतकी, गल्ली इतकी, गावाबाहेरचे इतके, त्यातले न येणारे इतके टक्के. गणेशने कागद शेवटपर्यंत वाचला, आभार मानले आणि खिशात ठेवला.

तेराव्याला वडवणीहून माणसं आली, मांजरसुंब्याच्या ढाब्यांवरची आली, बँडवाले आले, ज्यांची लग्नं बापूंनी लावून दिली होती ती जोडपी लेकरं कडेवर घेऊन आली. पहिली पंगत उठायच्या आत माझा आकडा मागे पडला होता. मी घाबरून स्वयंपाकाच्या मांडवात गेलो. तिथे एवढ्या मोठ्या चार कढया भरलेल्या होत्या आणि पाचवी चुलीवर चढत होती. गणेशने माझ्याकडे पाहून हात जोडले. माझं कुणी ऐकलं नाही याचा इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.