बेचक्यातलं लाकूड

भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये एक रीत होती. कुणी निवृत्त झालं की सेक्शनतर्फे त्याला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं. सगळ्यांना सारखंच, प्लास्टिकचं. जन्मभर भोंग्यावर उठलेल्या माणसाला भोंगा सुटल्यावर घड्याळ कशाला, हे मला कधी कळलं नाही. पण शेजारच्या क्वार्टरमधला टर्नर निवृत्त व्हायला आला तेव्हा मी ठरवलं, ह्याचं घड्याळ मी स्वतः करणार, आणि तेही लाकडाचं.

त्याला कारण होतं. मी इन्स्पेक्शनमध्ये होतो. अकरा वर्षांपूर्वी त्याने लेथवर कापलेली एक मोठी पोलादी रिंग मी नापास केली होती. आतलं भोक दोन शतांश मिलिमीटर मोठं भरलं. जाड राहिलेलं पुन्हा कापता येतं, मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. मी भंगाराचा लाल रंग लावला आणि सही केली. त्याच महिन्यात त्याच्या बढतीचं ठरायचं होतं, ते हुकलं. भांडण असं झालं नाही. कुंपणावरून राम राम चालू राहिला, पण त्याने आमच्या घरात पाऊल टाकणं सोडलं. आता तो शहराबाहेर मिसरोदला स्वतःच्या घरात राहायला जाणार होता. तो असाच निघून गेला असता तर मला फार लागलं असतं. आणि माफी मागावी, तर कशाची? मोजलं तेच लिहिलं होतं.

वखारीत गेलो तर शिसवीचं एक बेचकं कोपऱ्यात पडलेलं दिसलं, झाडाला दोन फांद्या फुटतात तिथलं. वखारवाला म्हणाला, "बाबूजी, ये तो जलाने की लकड़ी है." मी म्हटलं, मधोमध चिरून तर दाखव. करवत बाहेर आली, दोन फाळके वेगळे झाले, आणि तोही वाकून बघायला लागला. आत काळ्या-तांबूस रेघा खालून वर उमलत गेल्या होत्या, मोरपिसासारख्या. दोन फांद्यांची ओढाताण वर्षानुवर्षं आत चालली होती आणि बाहेर सालीवर त्याचा पत्ता नव्हता. मला राहवेना. घरी येऊन रंधा मारायला बसलो. दर थरागणिक रेघा सरकत होत्या, एखादी गाठ उगवत होती, दुसरी बुडत होती. कुठे थांबायचं हेच कळेना. लोखंडात असं काही निघत नाही. ते आतबाहेर सारखंच, म्हणून तर मला आवडायचं.

एप्रिल आणि मे, दोन महिने सुट्टीच्या दिवशी व्हरांड्यात हेच चाललं होतं. लाकडाची गोल तबकडी केली आणि तिच्याभोवती पितळी कडं. तबकडी कड्यात अशी बसवली की नखसुद्धा शिरू नये. मायक्रोमीटर घेऊन आठ ठिकाणी मोजायचो. बायको म्हणाली, "अहो, त्या लाकडाला ताप आलाय का? सारखं काय लावून बघताय?" शेवटी मागे बॅटरीचं मशीन बसवलं आणि काटे जोडले.

निरोप समारंभ मे अखेरीस झाला. त्याने घड्याळ हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "फिटिंग टाइट आहे." एवढंच. जूनमध्ये तो गेला. मीही मनात म्हटलं, झालं, आपण आपलं केलं. पण ते खोटं होतं. मला रोज वाईट वाटत होतं.

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी फाटक वाजलं. तो उभा होता, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं घड्याळ. अकरा वर्षांनी आमच्या घरात आला आणि आल्या आल्या ते टेबलावर पालथं घातलं.

"बंद पडलं यार, बघ तर."

उलटून बघितलं. तबकडी मधोमध फुगून वर आली होती, मिनिटकाटा तिला टेकून अडकला होता. मोरपिसात एक चीर गेली होती. हात दाखवून अवलक्षण! त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, कडं सैल केलं, तशी तबकडी फट्कन उडी मारून मोकळी झाली.

"लकडी मे महिन्यात बसवलीस ना? वाळून कडक झालेली. पाऊस लागला की ती फुगणार. जागा ठेवायची थोडी."

"आठ ठिकाणी मोजलं होतं," मी म्हणालो.

"मोजलं असशील बरोबरच. पण मोजलंस कधी?"

मी ते कडं हातात धरून बसलो. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची तर लोहार आधी ती तापवतो, तापली की ती मोठी होते. हे खेड्यातल्या लोहाराला कळतं. मला कळत नव्हतं असं नाही. लेथवरून उतरलेला जॉब थंड होईपर्यंत ठेवायचा आणि मगच मोजायचा, हा नियम मीच नवीन लोकांना शिकवायचो. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी माल पाठवायची घाई होती. भोपाळचा मे महिना होता आणि रिंगला हात लावला तर चटका बसत होता.

"तुझी ती रिंग," मी म्हणालो. "मी ती गरमच मोजली. थांबलो नाही. चुकलं माझं."

तो स्क्रू एकेक करून बशीत ठेवत होता.

"माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजली. बराबर होती."

"मग बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो तर टर्नर आपल्या जॉबची वकिली करतो म्हणाले असते. मला वाटलं, तुझ्या लक्षात येईल, तू परत मोजायला येशील. आठवडाभर क्रेनवाल्याला सांगत होतो, भंगारात आज नको नेऊस, उद्या ने."