हयातीचा दाखला

माझी आत्या कोरेगावजवळच्या एका खेड्यात मुलाकडे राहते. तिचे यजमान फौजेत होते. ते गेल्यावर तिला पेन्शन सुरू झाली आणि तिचं एटीएम कार्ड मुलाच्या खिशात गेलं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. मी इस्लामपूरला शाळेत शिकवते. वर्षातून एखादी फेरी व्हायची, तेवढीच.

त्या दिवाळीत गेले, तर आत्या ताट चाचपडत जेवत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"ऑपरेशन का करत नाहीस?"

"पैसं न्हाईत म्हणतोय त्यो," ती हळूच म्हणाली. "दोन वरसं झाली सांगतीया."

अंगणात दादाची, म्हणजे आत्याच्या मुलाची, नवी गाडी उभी होती. मी पेन्शनचा विषय काढला, तसा दादा तडकला. "तिला काय लागतंय? दोन वेळचं मिळतंय न्हवं?" तो मोठा, मी पाहुणी. मी गप्प बसले आणि दुपारच्या एसटीनं परतले. ते गप्प बसणं मला अजून खातं.

नोव्हेंबरात पेन्शन घेणाऱ्यांना बँकेत जाऊन, मशीनवर बोट लावून आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. महिनाअखेरीस दादाचा फोन आला. "ती बँकेत येत न्हाई म्हणतीया. तूच भरवलंस न्हवं तिच्या डोक्यात?"

मी काहीच भरवलं नव्हतं. रजा टाकून गेले. आत्या बाहेरच्या सोप्यात भिंतीला टेकून बसली होती.

"आत्या, अगं पेन्शन बंद पडेल."

"पडू दे. मी जित्ती हाय म्हून मशिनीला सांगायचं व्हय? घरात कोण इचारतंय?" मग मुलाच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "कार्ड माझ्या हातात दे. मग बोट लावती."

दादा ओरडला. वहिनी रडली. आत्या हलली नाही.

पुढचे दोन महिने पेन्शन आली नाही. आत्याचं ताट तिच्यापुढं आदळलं जायचं. ती निम्मं खाऊन उठायची. शेवटी जानेवारीत दादानं कार्ड तिच्या मांडीवर फेकलं आणि तिनं मला बोलावून घेतलं.

बँकेत मशीन तिचं बोट घेईना. खुरपून खुरपून रेषाच झिजल्या होत्या. चौथ्या खेपेला घेतलं. मग ती क्लार्कला म्हणाली, "सायेब, ह्ये कार्ड बंदच करा. मी सवता येत जाईन."

राहिलेली पेन्शन जमा झाल्यावर साताऱ्याला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तिनं आधी दाराकडं पाहिलं.

"त्यो आला न्हाई?"

"कामात असेल," मी म्हणाले.

"व्हय. लय काम असतंय त्याला."

आता ती मागच्या खोलीत वेगळी चूल मांडून राहते. दादा तिच्याशी बोलत नाही. तरी महिन्याला बँकेत निघाली की ती त्याच्या दारापुढं थांबते आणि विचारते, "बाजारातनं काय आणू का रं?" ती थोडा वेळ उभी राहते आणि मग चालू लागते.