दगडावरचा बीदर जिल्हा

आमच्या वडिलांना, अप्पांना, जाऊन महिना झाला. त्यांच्या ट्रंकेत अगदी वर हैदराबादच्या दप्तरखान्यातून आलेली तीन पत्रं निघाली. पहिल्या दोन पत्रांत एकच ओळ आहे : या नावाची नोंद आढळत नाही.

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमारास आमच्या उदगीरकडे पेरणीनंतर पाऊस झालाच नाही. ज्वारी गुडघ्याएवढी येऊन वाळली. शेतात करण्यासारखं काही उरलं नाही. नव्या जिल्ह्याच्या निमित्तानं गावात चावडीसमोर, फौजेत गेलेल्यांच्या नावांचा दगड बसवायचं ठरलं. अप्पांचे वडील, आमचे अज्जा, निजामाच्या रिसाल्यातून, म्हणजे घोडदळातून, पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या बाजूनं पार मिसर देशी, इजिप्तला, गेले होते, असं घरात सांगत. कागद मात्र एकही नव्हता.

सरपंच म्हणाले, "कागदाबिगर नाव लावता येत न्हाई, अप्पा."

पारावरून कोणीतरी बोललं, "घोड्याची लीद काढाया गेला असंल म्हातारा!"

सगळे हसले. अप्पा उठून घरी आले आणि मला म्हणाले, "अर्ज लिही."

मी शाळेत भूगोल शिकवत होतो. लातूरच्या आधी आमचा जिल्हा उस्मानाबाद, म्हणून अर्जात तोच लिहिला. नोंद नाही. मग वाटलं, आता जिल्हा बदललाय. दुसऱ्या अर्जात ठळक अक्षरांत लातूर लिहिलं. नोंद नाही. अप्पा पंधरा दिवस चावडीकडे फिरकले नाहीत.

शेवटी आम्ही उदगीरला एका म्हाताऱ्या उर्दू मास्तरांकडे गेलो. माझा अर्ज पाहून ते म्हणाले, "गुरुजी, निजामाच्या वक्ताला आपलं उदगीर बीदर जिल्ह्यात होतं. तुम्ही माणसाला भलत्याच मुलखात हुडकून राहिलात!"

तिसऱ्या अर्जात बीदर लिहिलं. तिसरं पत्र लांबलचक आलं. अज्जा सवार होते. मिसर आणि तिथून पुढे फिलिस्तीन, म्हणजे पॅलेस्टाईन. जखमी सोबत्याला स्वतःच्या घोड्यावर घालून तळावर आणल्याबद्दल शाबासकी. ओळखीची खूण : गळ्यात चांदीची लिंगाची पेटी, कधीही उतरवत नाही.

"पुन्यांदा वाच," अप्पा म्हणाले. मी चार वेळा वाचलं. नंतर तेच पत्र त्यांनी मला चावडीवर, भरल्या पारासमोर वाचायला लावलं.

दगड घडताना सरपंचांनी समजावलं, "अप्पा, नवा जिल्हा झालाय. समद्यांच्या म्होरं लातूरच लिहू."

"माझा बाप लढाईवर गेला तवा लातूर जिल्हा कुठं होता?" अप्पा म्हणाले. "बीदर लिवा."

तसंच कोरलं. बाकी सगळ्या नावांपुढे लातूर, एकापुढे बीदर. नवखा माणूस हमखास विचारायचा, आणि अप्पा हातातलं काम टाकून सांगत बसायचे.

परवा बदलून आलेल्या एका शिक्षकानं मला दगडापाशी तेच विचारलं. मी सांगायला लागलो. शाळेची घंटा झाली तरी आम्ही दोघं तिथंच उभे होतो.