बाबांचं लाल नाक

लग्नाचे अल्बम तयार करणं हा माझा धंदा. जुनवानी गावातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर आहे आणि तिथे दिवसभर एकच फर्माईश कानावर पडते, "थोड़ा गोरा कर दो." ऐकून ऐकून माझं डोकं फिरतं. पण आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा आईच गिऱ्हाईक होऊन माझ्यासमोर बसली.

पन्नासाव्या वाढदिवसाच्या कार्यक्रमासाठी दारापुढे लाल कापडाचा मांडव घातला होता. फोटोग्राफरनं त्याच्याखालीच दोघांना बसवलं आणि मांडवाचा सगळा रंग बाबांच्या तोंडावर उतरला. नाक तर टमाट्यासारखं. जन्मभर प्लांटच्या शिफ्टा केलेला, चहापलीकडे कशाला न शिवलेला माणूस! आई म्हणाली, "सारे म्हणतीन, पिऊन बसले." हाच फोटो मोठा करून हॉलमध्ये लावायचा होता. नुकताच बाबांच्या हृदयात स्टेंट बसवला होता. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या आईनं हा कार्यक्रम मनाशी ठरवला होता, म्हणून मी नेहमीसारखी कुरकुर केली नाही.

काम तसं डाव्या हातचा मळ. फोटोतल्या रंगांमधून फक्त लाल निवडायचा आणि तेवढाच कमी करायचा, बाकीचे रंग जागच्या जागी राहतात. नाक अगदी शहाण्यासारखं झालं. मी खुशीत फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि पोळ्या लाटायला गेले.

थोड्या वेळानं बाबांचा फोन वाजला. भंडाऱ्याची मावशी होती. बाबा हॅलो हॅलो करत राहिले आणि पलीकडून नुसतं रडू ऐकू येत होतं. शेवटी ती म्हणाली, "भाऊजी, तुमीच बोलून राहिले न?"

मी पिठाच्या हातानंच कॉम्प्युटरकडे धावले. नाकाच्या लालीबरोबर आईच्या कपाळावरचं कुंकूही गेलं होतं. कॉम्प्युटरला नाक काय न कुंकू काय, लाल म्हणजे लाल. फोटोत बाबा शेजारीच हसत बसले होते, पण मावशीची नजर त्या कोऱ्या कपाळापुढे सरकलीच नव्हती.

बाबांनी हसत हसत तिची समजूत काढली. आई मात्र हसली नाही. माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, तिचा चेहरा उतरला होता. मला फार वाईट वाटलं. कपाळ तेवढं वगळून नाकाचा लाल कमी करता येतो, आत्ता करून देते, असं मी घाईघाईनं सांगितलं.

तिनं स्क्रीनवर बाबांच्या गालाला बोट लावलं.

"काहीच नको कमी करू," ती म्हणाली. "दवाखान्यात त्यायचं तोंड पांढरंफटक पाह्यलं म्या. आता लालच राहू दे."

मी रंग होता तसा परत आणला. नाक पुन्हा टमाट्यासारखं झालं आणि आई कितीतरी वेळ ते पाहत बसली.